मार्थाच्या नावाने सोडलेला गूळ

लिंकन, नेब्रास्का
१८ नोव्हेंबर १९५५

ती. सौ. प्रमिलावहिनी,

‘इकडील सर्व क्षेम’ असं लिहीत नाही. ते वाक्य पोस्टातच छापून मिळतं, असं तुम्ही मागे म्हणाला होतात. तेव्हा सरळ बातमी सांगतो. आमच्या घरी टेलिव्हिजन आला.

आमच्या म्हणजे मिसेस ओल्सनच्या. मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहतो. सत्तरीच्या आहेत, नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा कार्ल कॅलिफोर्नियात विमानांच्या कारखान्यात. हा टेलिव्हिजन त्यानेच पाठवला. पाटावर ठेवलेल्या कपाटाएवढी पेटी, तिला पुढून काच, आणि काचेत माणसं चालतात-बोलतात. रेडिओला डोळे फुटले असं समजा. मी कॉलेजसाठी पंपाचे नकाशे काढत बसलेला असलो की त्या जिन्याखालून हाक मारतात, ‘गिर्डर, सुरू झालं.’ माझ्या नावाचं त्यांनी लोखंडी तुळईत रूपांतर केलंय, पण हाक प्रेमाची असते.

दर गुरुवारी साडेआठला ‘लँपलाइट प्लेहाउस’ लागतं. टोपीवाला एक माणूस येतो, एका दाराच्या खिळ्याला कंदील टांगतो आणि म्हणतो, चला, आज या घरात डोकावू. मग अर्धा तास त्या घरातलं नाटक. मध्ये दोनदा धुण्याचा साबण विकतात. शेवटी तो माणूस कंदील काढून चालायला लागतो. पुढच्या गुरुवारी दुसरं दार, दुसरी माणसं. आदल्या लोकांचं पुढे काय झालं ते कोणी विचारतच नाही. मला काही याची सवय होत नाही. आपला कीर्तनकार तीस वर्षं तोच राम वनवासाला पाठवतो आणि परत आणतो.

आता खालचं मायला वाचून दाखवा. परवा काय झालं: मार्था नावाची एक विधवा बाई आहे. गाव लहान, पण गावाला स्टेशन आहे. तिचा मुलगा रागावून घर सोडून गेला त्याला अकरा वर्षं झाली. दर गुरुवारी गाडी येते तेव्हा ती कंदील घेऊन फलाटावर उभी राहते. लोक हसतात. परवा इतका बर्फ पडला की गाडी येणार नाही म्हणून स्टेशनमास्तरही घरी गेला. ही गेली. आणि गाडी आली. एक डबा उघडला. बर्फात काही दिसेना. एक टोपी दिसली, एक पेटी दिसली, कोणीतरी पायरीवर पाऊल ठेवलं. तिने कंदील वर केला.

झालं. तो टोपीवाला आला, त्याने आपला कंदील काढला आणि गेला. मी मिसेस ओल्सनना विचारलं, मग उतरला कोण? त्या म्हणाल्या, ते आपण ठरवायचं. आणि डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेल्या.

दादांना सांगा, इथली विहीर उपसायची तऱ्हा मी तपशीलवार लिहीन. तापीच्या काठावर ती चालेल असं मला वाटतं.

तुमचा,
गिरधर

*

प्रकाशा, ता. शहादे, पश्चिम खानदेश
९ डिसेंबर १९५५

चि. गिरधरभाऊजी,

तुमच्या पत्राने घरात काय करून ठेवलंय ते ऐका, आणि मग हसा किंवा डोकं धरून बसा.

पत्र ओट्यावर वाचलं. माय होती, शेजारची रूपलीबाई होती, तुमचे दादा पानाला चुना लावत होते. टेलिव्हिजनचा भाग मी गाळला. खरं सांगते, काचेत माणसं चालतात हे मलाच नीट कळेना, तर या बायांना काय समजावू? म्हटलं, आधी गोष्ट वाचते, पेटीचं मागून सांगीन. ‘मार्था नावाची एक विधवा बाई आहे’ असं तुम्हीच लिहिलंय, ‘आहे’ म्हणून. मी तसंच वाचलं. तिने कंदील वर केला इथपर्यंत आले आणि थांबले, कारण पुढे काहीच नव्हतं.

रूपलीबाईने पदर तोंडाला लावला. तुम्हाला ठाऊकच आहे, तिचा भटू सुरतेला गिरणीत गेलाय तो होळीलाही येत नाही. ती रडायला लागली, मग मी कोणत्या तोंडाने सांगू की बाई, हे सोंग आहे, मध्ये साबण विकतात? माय मात्र रडली नाही. तिने एवढंच विचारलं, ‘उतरना का तो?’ मी म्हटलं, लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार. माय केदारेश्वराला गेली, संगमावर द्रोणात दिवा सोडला आणि पिंडीपुढे मोठ्याने बोलली. मी मागेच उभी होते. म्हणाली, ‘त्या बाईना आंडोर घर येस नही, तोपर्यंत मी गूळ खावाव नही.’

भाऊजी, कोण कुठल्या बाईचा मुलगा, आणि गूळ. माय. जेवणानंतर गुळाचा खडा नसेल तर जिचं जेवण झालंच नाही, ती माय. आपला ऊस उभा आहे, पंधरा दिवसांत गुऱ्हाळ लागेल.

तेव्हा मेहेरबानी करा आणि उलट टपाली कळवा की तो मेला उतरला की नाही.

तुमची वहिनी,
प्रमिला

*

लिंकन
२७ डिसेंबर १९५५

ती. सौ. वहिनी,

तुमचं पत्र वाचून मी एवढा हसलो की मिसेस ओल्सन जिना चढून वर आल्या. त्यांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. विचारलं, ‘गूळ म्हणजे काय?’ मी म्हटलं, उसाचा रस आटवून करतात, आमच्याकडे आनंदाची बातमी असली की आधी तो तोंडात घालतात. त्या म्हणाल्या, ‘आणि तो तिने सोडला? माझ्या मार्थासाठी?’ ‘माझ्या’ म्हणाल्या.

माझी चूक झाली, मान्य. ‘आहे’ असं लिहायला नको होतं. मायला स्पष्ट सांगा: मार्था कोणी नाही. ती एक नटी आहे. दोनच आठवड्यांनी तीच बाई केस कुरळे करून जवाहिऱ्याची बायको झाली होती आणि नोकरांवर ओरडत होती. आपल्याकडे वैशाखात आखाजीच्या सणाला सोंगं निघतात, त्यात शिंपी रावण होतो आणि सकाळी परत मशीनवर बसतो, तसंच हे. सोंगासाठी कोणी गूळ सोडतं का?

आणखी एक बातमी. ओमाहा शहरातल्या पंपाच्या एका कंपनीचे साहेब कॉलेजात आले होते. माझा नकाशा त्यांनी बराच वेळ पाहिला. दादांना आवडेल म्हणून लिहितो.

पहिल्या कढईचा गूळ मायला भरवा, माझ्या नावाने.

तुमचा,
गिरधर

*

प्रकाशा
२० जानेवारी १९५६

चि. भाऊजी,

सांगितलं. सगळं सांगितलं. पेटी, काच, नटी, कुरळे केस. माय लसूण सोलत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘सोंग ते सोंग. मी नवस काय पेटीपुढे बोलले? देवापुढे बोलले.’ पुढे बोलायची सोयच ठेवली नाही.

मग मी गुरवाकडे गेले. म्हटलं, यातून काही वाट काढा. त्याने दाढी खाजवली, म्हणाला, नवस फिटल्याशिवाय सुटत नाही. कहाणी जशी सांगणाऱ्यानेच पुरी करावी लागते तसं हे. ज्याने गोष्ट आणली त्यानेच शेवट आणावा. म्हणजे तुम्ही, भाऊजी. आले परत तुमच्याच दारात.

आता गुऱ्हाळाचं ऐका. गूळ आटवणारा गुळव्या अजून दोधूच आहे. त्याची रीत तुम्हाला माहीत: पहिल्या कढईचा गूळ पळसाच्या पानावर घेऊन घरातल्या मोठ्या बाईपुढे धरायचा. तिने चव घेतल्याशिवाय दुसरी कढई चुलाण्यावर चढत नाही. मायने पान घेतलं, कपाळाला लावलं आणि परत दिलं. दोधू हटून बसला. म्हणाला, तीस वर्षांत असं झालं नाही, मी रस ओतणार नाही. बैल फिरतायत, रस मांदणात भरून वाहतोय, माणसं हात बांधून उभी. तुमचे दादा मायकडे बघतात, माय नदीकडे बघते. शेवटी मी पुढे झाले, म्हटलं, मायच्या वाटणीचा मी खाते, दोष लागला तर मला लागू दे. खाल्ला. भाऊजी, असा कडू गूळ मी जन्मात खाल्ला नाही, आणि माल तर पिवळा धमक उतरला होता.

मला तर वाटतं हा म्हातारपणचा हट्ट आहे. जेवणानंतर आता नुसती भिंतीला टेकून बसते. वाळलीय थोडी.

तुमच्या त्या ओमाहाच्या साहेबाबद्दलचं वाक्य तुमच्या दादांनी दोनदा वाचायला लावलं. मायने काही विचारलं नाही.

प्रमिला

*

लिंकन
२० फेब्रुवारी १९५६

ती. सौ. वहिनी,

कंदीलवाला गेला. गेल्या महिन्यात एका गुरुवारी त्याने कंदील काढला, चालायच्या आधी थोडा थांबला, काहीतरी बोलेल असं वाटलं, आणि साबण लागला. पुढच्या गुरुवारी त्या जागी कुस्त्या. साबणवाल्यांनी हात काढून घेतला म्हणे. लोकांना रोज तीच ओळखीची माणसं हवी असतात, दर आठवड्याला नवी कोण लक्षात ठेवणार? तीन-साडेतीन महिन्यांत एवढी घरं उघडली आणि सगळी एकदम बंद झाली.

मी त्यांना पत्र लिहिलं होतं. हसू नका. लिहिलं की भारतात तापी नदीच्या काठी एक बाई तुमच्या एका गोष्टीचा शेवट कळण्याची वाट पाहते आहे. उत्तर आलं, यंत्रावर छापलेलं: ‘आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत. ही मालिका बंद झाली आहे. त्या गोष्टीला पुढचा भाग नव्हता.’

मिसेस ओल्सनना विचारलं तर त्या म्हणतात, ‘उतरला ना. मी त्याचा चेहरा पाहिला.’ वहिनी, चेहरा दाखवलाच नव्हता. मी शेजारच्या खुर्चीत होतो. कार्ल सहा वर्षांत आलेला नाही. टेलिव्हिजन आला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, ‘पेटीत स्वतः मावला नाही म्हणून नुसती पेटी पाठवली.’

मायला सांगा: मी चौकशी केली, मार्थाचा मुलगा उतरला, घरी आला, सगळं ठीक आहे. एवढं वाचून दाखवा आणि खडा हातावर ठेवा.

यापुढचं वाचू नका कोणापुढे. ओमाहाच्या कंपनीने मला नोकरी देऊ केली आहे. तीन वर्षांचा करार, नंतर पुढेही. माझ्या नकाशावरून ते पंप बांधणार, मला स्वतःची कर्मशाळा देणार. पंधरा जूनपर्यंत उत्तर द्यायचं आहे. मी इथे शिकायला आलो तेव्हा असं काही होईल हे स्वप्नातही नव्हतं. तिकडे येऊन मी काय करणार, शहाद्याला इंजिनाचे वॉशर विकणार? माझं मन अर्ध्याहून जास्त इकडे झुकलंय. मायला आत्ता सांगू नका. दादांनाही नाही.

गिरधर

*

प्रकाशा
११ मार्च १९५६

भाऊजी,

चि. वगैरे लिहायची आज इच्छा नाही.

मी मायला वाचून दाखवलं, उतरला म्हणून. तिने तीन गोष्टी विचारल्या. पेटी कोणत्या हातात होती? आई आधी काय बोलली? त्याला वाढलं काय? तुम्ही काहीच लिहिलं नव्हतं, मग मी जोडायला लागले. उजव्या हातात. ‘आलास का’ म्हणाली. दूध-भाकर वाढली. माय माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, ‘बर्फातून आलेल्या पोराला कोणी आलास का विचारतं? आई आधी पाय बघते, ओले आहेत का.’ आणि उठून गोठ्यात गेली. तुमचं खोटं अर्ध्या वाटेत गळालं, आणि ठिगळ लावणारी मी मात्र पकडली गेले.

आणि तुमचं ते दुसरं. तुम्ही तिकडे बसून लिहिलंत, ‘सांगू नका’. माझ्या पदराला गाठ मारून दिलीत आणि मोकळे झालात. इथे मायपुढे ताट मी वाढते. तुमचे दादा नदीकाठी खुंट्या ठोकून आलेत, गिरधरचा पंप इथे बसेल म्हणून. त्यांच्यापुढेही मीच बसते. दोघांच्या तोंडाकडे बघून हं हं करायचं. मी तुमची वहिनी आहे, तिजोरी नाही.

तुम्ही राहा असंही मी लिहिणार नाही आणि या असंही नाही, असं ठरवून बसले होते. पण लिहितेच. तुम्ही यावं असं मला वाटतं. या घरात माझ्याशी थट्टा करणारं दुसरं कोणी नाही. तुमचे दादा वर्षातून एकदा हसतात, तेही इंजिन पहिल्या दांड्याला सुरू झालं तर. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही नऊ वर्षांचे होतात, मी सोळाची. या घरची वाट मला तुम्हीच दाखवलीत. हा माझा स्वार्थ झाला. तो बाजूला ठेवून बघा, पण खोटं लिहू नका. खोट्याला इथे कोणी बाई भुलत नाही.

प्रमिला

*

लिंकन
८ एप्रिल १९५६

ती. सौ. वहिनी, आणि माय,

हे पत्र सगळं वाचून दाखवा. दादांनाही बसवा. गाळायचं काही नाही.

माय, तो उतरला की नाही मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. मी खोटं लिहिलं.

खोटं का लिहिलं तेही सांगतो. मला इथे ओमाहा गावी नोकरी मिळते आहे. तीन वर्षांची, कदाचित जन्माची. मी अजून हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही. हे मी वहिनीला लिहिलं आणि तुझ्यापासून लपवायला सांगितलं. त्यात तिची चूक नाही.

गेल्या रविवारी यांचा ईस्टरचा सण झाला. कार्ल येतो म्हणाला होता. मिसेस ओल्सननी दोन दिवस भट्टी पेटती ठेवली, तीन ताटं मांडली आणि ओसरीवरचा दिवा लावला, भर दुपारी. चार वाजता टेलिफोन वाजला. तीन मिनिटं बोलणं झालं. मग त्यांनी एक ताट उचलून ठेवलं आणि मला म्हणाल्या, ‘बैस, गार होतंय.’ दिवा त्यांनी विझवला नाही. संध्याकाळी मी विझवला.

वहिनी, तेव्हापासून मला नकाशे काढताना ताट दिसतं. आणि त्याचा मला रागही येतो. माय, तू गूळ खा. नवस मागे घे, प्रायश्चित्त काय असेल ते मी घेईन. तू तिकडे गूळ सोडून बसलीस तर मी इकडे कोणताही निर्णय घेतला तरी तो तुझ्या गुळाचा होईल, माझा होणार नाही.

गिरधर

*

प्रकाशा
१८ मे १९५६

चि. भाऊजी,

उशीर झाला. पत्र वाचल्यावर माय म्हणाली, आखाजी होऊ दे, मग सांगते. आखाजी परवा रविवारी झाली. मुली माहेरी आल्या, झोके बांधले, गाणी म्हटली, गुळाच्या सांजोऱ्या झाल्या. मायने सगळ्यांना वाढल्या, स्वतः ताक-भाकर खाल्ली. तुमचे दादा पत्र ऐकून नदीकडे गेले होते, तेव्हापासून खुंट्यांबद्दल बोललेले नाहीत. उपटल्याही नाहीत.

काल मायने मला पाट मांडून बसवलं. ती तिच्या बोलीत सांगत गेली, मी शाळेतल्या मराठीत उतरवून घेत गेले. काही वाक्यं मात्र तशीच ठेवते, त्यांना हात लावायची माझी हिंमत नाही.

ती म्हणाली: ‘सोंग शे हाई माले पहिलाच दिन समजनं व्हतं.’ भाऊजी, पहिल्याच दिवशी. मी काय काय समजावत बसले होते, आणि ती लसूण सोलत ऐकत होती.

म्हणाली, तुझा बाप वीस वर्षांचा असताना सुरतेला रेल्वेच्या इंजिनावर कोळसा टाकायला लागला होता. खुश होता. तुझ्या आजीने नवस केला: पोरगा परत येईपर्यंत पायात वहाण घालणार नाही. कोणी जाऊन त्याला सांगितलं की तुझ्या आईच्या पायांना भेगा पडून रक्त येतंय. तो आला. आजीने वहाण घातली, गावजेवण दिलं. पण त्या माणसाशी संसार मी केला. काही ना काही निमित्त काढून तो नंदुरबारला जायचा, आणि बाजार राहिला बाजूला, इंजिन सुटेपर्यंत स्टेशनात उभा राहायचा. घरी येऊन बोलायचा नाही. बत्तीस वर्षं मी त्याच्या पायातली दोरी पाहिली. तेव्हाच ठरवलं: ‘आंडोरना पायले नवसनी दोरी बांधानी नही.’

तू गेलास त्या दिवसापासून माझ्या जिभेवर नवस आलेला होता. गिळून गिळून वर्ष काढलं. मग तुझं पत्र आलं, त्या कंदीलवाल्या बाईचं. मी म्हटलं, हिच्या नावाने बोलते. तोंडातलं बाहेर पडेल, आणि माझ्या पोराला दोरी लागणार नाही. गूळ मी तुझ्यासाठी सोडलेला नाही. मी सोडला, माझा मी.

‘तुले ऱ्हावानं व्हई ते ऱ्हाय, यवानं व्हई ते ये. मन्हा गूळना इचार करू नको.’

मी विचारलं, मग आता नवस मागे घेतेस का? तर म्हणाली, का म्हणून? मी खोटा नवस केला नव्हता. सोंगात देवीला हळद-कुंकू वाहतो ते काय सोंग करणाऱ्या शिंप्याला वाहतो? मागे खरी देवी असते म्हणून वाहतो. त्या मार्थाच्या मागेही कोणीतरी असेलच.

एवढं बोलून पाटावरून उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, ‘लिख, त्या म्हातारीना आंडोर उना का?’ तुमच्या घरमालकिणीचा मुलगा आला का, ते विचारतेय.

मी काही जोडत नाही. माझा स्वार्थ मागच्या पत्रात लिहून झालाय.

तुमची वहिनी,
प्रमिला

*

प्रकाशा
१२ ऑक्टोबर १९५६

(वहिनी म्हणतात, अमेरिकेला काय जातंय ते मला कळल्याशिवाय तिकीट लावू देणार नाही. म्हणून ही मराठी नक्कल त्यांच्यासाठी. गिरधर.)

प्रिय मिसेस ओल्सन,

पोचल्यावर लगेच लिहीन असं कबूल केलं होतं, तीन आठवडे गेले. रागवू नका.

मी निघताना तुम्ही विचारलं होतंत, आईसाठी जातोयस का. उत्तर आत्ता देतो. मे अखेरीला आईचं पत्र आलं, राहायचं तर राहा म्हणून. ते वाचून मी दोन दिवस फार आनंदात होतो. मी ओमाहाला ‘हो’ असं पत्र लिहून पाकीटही बंद केलं. मग तिसऱ्या दिवशी नकाशा उघडला आणि लक्षात आलं की त्या पंपाखाली मी जी नदी काढली आहे ती तुमची प्लॅट नाही. काठ तापीचा आहे, आमच्याकडे दरड कुठे ढासळते तेसुद्धा मी न पाहता काढलं होतं. कोणी ओढत नव्हतं तेव्हाच मला समजलं की मी कुठे निघालोय. हा निर्णय बरोबर की चूक ते पंप बसल्यावर कळेल. अजून कधी कधी ओमाहाची कर्मशाळा आठवते आणि जेवण गोड लागत नाही. पण त्याबद्दल मला कोणाला दोष देता येत नाही, आणि तेच मला हवं होतं.

तुम्ही म्हणाला होतात, स्टेशनावर काय झालं ते बारीकसारीक लिही. तर लिहितो. गाडी नंदुरबारला सकाळी आली. वार गुरुवार होता, मी ठरवलेला नव्हता. लख्ख ऊन पडलेलं, आणि तरी फलाटावर माझी वहिनी पेटलेला कंदील घेऊन उभी. लोक हसत होते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘वर करू का?’ पेटी माझ्या डाव्या हातात होती. दादांनी ती घेतली आणि म्हणाले, खुंट्या अजून आहेत.

आई घरी होती. दारात आली, आधी खाली बघितलं. माझे पाय कोरडे होते. मग तिने माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला.

मी तसाच एक खडा उचलून तिच्यापुढे धरला. म्हटलं, आता तरी खा, मी आलो. सगळं घर बघत होतं. शेजारची रूपलीबाई दारातून बघत होती. आईने माझा हात बाजूला केला. म्हणाली, ‘मन्हा उना. तिन्हा उना का?’

मिसेस ओल्सन, याचा अर्थ, माझा आला, तिचा आला का? मला आधी कळलं नाही कोण ती. वहिनीला कळलं. आई मार्थाला ओळखत नाही, तिला फक्त तुम्ही माहीत आहात. दुपारचा दिवा, उचलून ठेवलेलं ताट, टेलिफोनची तीन मिनिटं, हे सगळं तिने माझ्या पत्रातून ऐकलं आहे. तिच्या लेखी त्या कंदिलामागची खरी बाई तुम्ही. देवापुढे बोललेला शब्द ती मोडणार नाही. मी खूप सांगून पाहिलं, तुमच्याकडची माणसं वेगळी असतात, मुलं दूर राहतात, त्यात कोणाला वाईट वाटत नाही. आईने विचारलं, ‘त्या म्हातारीने असं सांगितलं?’

म्हणून विनंती आहे. हे पत्र कार्लला पाठवा. मी त्याला कधी पाहिलेलं नाही, आणि त्याच्या पायाला दोरी बांधावी असं माझ्या मनात नाही, आईच्याही नाही. तो येवो न येवो, त्याची मर्जी. त्याला फक्त एवढंच माहीत असावं की पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, एका नदीच्या काठी, एक बाई त्याच्यासाठी जेवणानंतर भिंतीला टेकून नुसती बसते.

आमचं गुऱ्हाळ डिसेंबरात लागतं आणि मार्चपर्यंत चालतं. तेवढ्यात त्याला जमलं तर आमच्या गुळव्या दोधूला दुसरी कढई वेळेवर चढवता येईल.

तुमचा,
गिरधर